एकच केबल, दोन प्रवाह: फोंड्यातल्या एका जुन्या घरातलं व्हीलॅन टॅगिंग

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं जुनं चिरेबंदी घर. पुढे सोपा, मधे राजांगण, भोवती खोल्या, आणि मागे पूर्वी जिथे भात साठवायचे तिथे आता कामाची खोली. घरात निवृत्त शिक्षक, त्यांना सगळा गाव मास्तर म्हणतो, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि दोन नाती. सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करते. घरच्यांच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, इंटरनेट कंपनीचं नाव घेतलेलं नाही, आणि तिने दिलेला व्हीलॅन क्रमांक (व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर क्रमांक देऊन वेगळं ठेवलेलं नेटवर्क) इथे ८०० मानला आहे.

फायबर रस्त्यावरच्या खांबावरून सोप्यात आलं, कारण तेच सर्वांत जवळचं होतं. फायबरचा मोडेम, म्हणजे ओएनटी, सोप्यातल्या भिंतीवर बसला. मास्तरांचा लँडलाइनचा फोनही त्यालाच जोडलेला. हा नंबर वर्षानुवर्षांचा. लग्नपत्रिका, देवळाची समिती, जुने विद्यार्थी, सगळ्यांकडे तोच. काहीही करा, पण फोन एक दिवससुद्धा बंद पडता कामा नये, ही मास्तरांची पहिली अट होती.

सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत एकच कॅट सिक्स केबल आहे. कौलांखालून, पीव्हीसी पाइपमधून, तीन वळणं घेऊन जाते. वाय-फायवर ही दोन टोकं जोडणं शक्य नव्हतं. चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, पावसाळ्यात त्या ओल धरतात, आणि अशा दोन-तीन भिंती मधे आल्या की सिग्नलमध्ये काही उरत नाही.

अडचण कुठून सुरू झाली

सुरुवातीला ओएनटीच राउटरचं काम करत होता. मोबाइलवर सगळं सुरळीत दिसायचं. सुनेच्या ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, मात्र जोडला जायचा, छोटे मेल जायचे, आणि मोठी फाइल चढवायला घेतली की अडकायची. हे लक्षण ओळखीचं आहे. पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन होणाऱ्या, जोडणीत प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खर्च होतात, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट जाऊ शकतं. त्यात व्हीपीएनची स्वतःची भर पडते. राउटरने ही मर्यादा दोन्ही बाजूंना नीट कळवली नाही, तर लहान पॅकेट पार होतात आणि मोठी वाटेतच गळतात. ओएनटीचं सेटिंगचं पान कंपनीने ग्राहकासाठी बंद ठेवलं होतं, तिथे हात घालता येत नव्हता.

म्हणून घरच्यांनी स्वतःचा राउटर घेतला, मागच्या खोलीत ठेवला आणि ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता इंटरनेट नुसतं पुढे देणारा, टाकून मागितला. कंपनीचा माणूस समजूतदार होता. त्याने फक्त इंटरनेटची सेवा ब्रिज केली. फोनची सेवा वेगळ्या व्हीलॅनवर होती, ती ओएनटीकडेच राहू दिली. जाताना कागदावर युजरनेम, पासवर्ड आणि ‘व्हीलॅन ८००’ एवढं लिहून गेला. टॅग, म्हणजे पॅकेटवरचा व्हीलॅन क्रमांकाचा शिक्का, कुणी लावायचा, ओएनटीने की घरातल्या यंत्राने, हे त्या कागदावर नव्हतं. पुढचा सगळा घोळ या न लिहिलेल्या ओळीतून झाला.

आता त्या एका केबलवर दोन कामं आली. ओएनटीपासून राउटरपर्यंत बाहेरचं इंटरनेट मागे न्यायचं, आणि राउटरपासून सोप्यातल्या टीव्ही व वाय-फाय ॲक्सेस पॉइंटपर्यंत घरचं नेटवर्क पुढे आणायचं.

कोणते पर्याय होते

दुसरी केबल ओढणं हा सर्वांत सरळ पर्याय. पण पाइप अरुंद, त्यात जुनी केबल, आणि बाहेर जुलैचा पाऊस. ओल्या कौलांवर माणूस चढवायला मास्तर तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

आहे त्याच केबलमधल्या तारांच्या चार जोड्या दोन-दोन अशा वाटून दोन जोडण्या करता येतात. कित्येक ठिकाणी अशी सोय केलेली मी पाहिली आहे. पण मग प्रत्येक जोडणी १०० एमबीपीएसवर अडते, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. यांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा होता. महिन्याला पैसे भरायचे त्यातला निम्मा वेग केबलमध्येच घालवायचा, हे मला पटलं नाही.

राउटर सोप्यात आणून मागे नुसता ॲक्सेस पॉइंट ठेवायचा, हा पर्याय बहुतेक घरांसाठी उत्तम आहे, आणि तो आधी सुचवल्याशिवाय व्हीलॅनकडे वळू नये असं माझं मत आहे. एका केबलवर एकच नेटवर्क, कुठे टॅग नाही. इथे अडचण विजेची होती. इन्व्हर्टरची लाइन फक्त मागच्या खोल्यांना आहे. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद, म्हणजे मागच्या खोलीतला प्रिंटर, फाइलींचा साठा आणि लॅपटॉप यांचा आपसातला संपर्कही भरवशाचा राहत नाही.

फायबरच मागे नेणं हा चौथा पर्याय. कंपनी तयार होती, पण पावसाळा संपल्यावर. शिवाय फोन मग मागच्या खोलीत वाजला असता.

राहिला तो मार्ग: केबलच्या दोन्ही टोकांना दोन स्मार्ट, म्हणजे सेटिंग करता येणारे, स्विच, आणि एकाच तारेवर दोन नेटवर्क टॅग लावून वेगळी. आयट्रिपलईच्या ८०२.१क्यू या मानकाची १९९८ पासूनची ही रीत. फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून जाताना पॅकेटला असणाऱ्या वेष्टनात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यामागे ४ बाइटचा टॅग घुसवतात. त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो, म्हणून १ ते ४०९४ एवढे क्रमांक वापरता येतात. फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते. आतल्या १५०० बाइटना धक्का लागत नाही. टॅगमुळे एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, कमी होतो ही समजूत चुकीची आहे, तो कमी होतो पीपीपीओईमुळे.

पहिला प्रयत्न आणि दोन चुका

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने आठ पोर्टचे दोन स्मार्ट स्विच आणून बसवले. मुलगा हुशार, आणि आराखडा त्याने बरोबर पकडला होता. दोन्ही स्विचवर व्हीलॅन ८०० तयार केला, पोर्ट ८ ला दोन्ही स्विचना जोडणारी केबल लावली, पुढच्या स्विचच्या पोर्ट १ ला ओएनटी आणि मागच्या स्विचच्या पोर्ट १ ला राउटरचं वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचं, पोर्ट लावलं. राउटर मात्र ‘सर्व्हरकडून प्रतिसाद नाही’ यापुढे सरकेना. कंपनीच्या मदत केंद्राने लाइन तपासून ठीक असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं: ओएनटीवर प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम होती, म्हणजे अगदी सुस्थितीत.

मला बोलावलं तेव्हा दोन्ही स्विचची पानं शेजारी शेजारी उघडून पाहिली. अडथळे दोन होते, आणि ते एकमेकांना झाकत होते.

पहिला मागच्या स्विचवर. पोर्ट १ ला व्हीलॅन ८०० चा ‘अनटॅग्ड’ सदस्य केलं होतं, पण त्याच पोर्टचा पीव्हीआयडी १ वरच राहिला होता. स्वस्त स्विचवर या दोन गोष्टी दोन वेगळ्या पानांवर असतात. सदस्यत्व ठरवतं की त्या व्हीलॅनची फ्रेम पोर्टमधून बाहेर पडताना टॅगसह पडेल की टॅग काढून. पीव्हीआयडी ठरवतो की टॅग नसलेली फ्रेम आत आली तर तिला कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायचं. राउटरकडून येणारी फ्रेम बिनटॅगची होती, म्हणून ती ८०० मध्ये न जाता १ मध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये शिरत होती. पीपीपीओईची पहिली हाक, पीएडीआय नावाची, ही सर्वांना उद्देशून असते. ती घरातल्या टीव्हीपर्यंत पोचत होती, कंपनीपर्यंत नाही.

दुसरा पुढच्या स्विचवर. ओएनटीच्या पोर्टला ८०० ‘अनटॅग्ड’ ठेवलं होतं, ओएनटी टॅग काढून देत असेल या अंदाजाने.

भाच्याने आदल्या दिवशी पीव्हीआयडीसुद्धा बदलून पाहिला होता. दुसरा अडथळा तसाच असल्याने फरक पडला नाही, म्हणून त्याने तो परत १ केला. बरोबर केलेला बदल असा मागे घेतला गेला. दोन अडथळे एकदम असतात तेव्हा एकेक सेटिंग बदलून पाहण्याने उत्तर सापडत नाही. वाटेचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो.

निर्णयाची जागा: टॅग कुठे लागतो, कुठे निघतो

पहिला तुकडा ओएनटीचा. स्विच, राउटर सगळं बाजूला ठेवून लॅपटॉप थेट ओएनटीला लावला आणि दोनदा डायल केलं, एकदा टॅगशिवाय, एकदा ८०० चा टॅग लावून. टॅगशिवाय पीएडीआयला उत्तरच नाही. टॅगसह लगेच पीएडीओ हे उत्तर आलं आणि जोडणी झाली. आता अंदाजाला जागा उरली नाही: ओएनटी टॅग जसाच्या तसा पुढे जाऊ देतो, आणि लावायचा तो आपण.

हा प्रयोग लिनक्सवर करावा. विंडोजवर बऱ्याच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, आणि पॅकेट टिपणाऱ्या प्रोग्रॅमला तो दिसतच नाही. टॅग नव्हताच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आणखी एक काळजी: लॅपटॉपची जोडणी रीतसर तोडूनच केबल काढायची. नुसती उपटली तर कंपनीच्या बाजूला जुनं सेशन काही काळ जिवंत राहू शकतं, आणि तेवढा वेळ राउटर नाकारला जातो. मग नवीन सेटिंगच चुकलं असं वाटून माणूस बरोबर गोष्टी पुन्हा बिघडवायला लागतो.

टॅग कोण लावणार? यांच्या राउटरमध्ये वॅनच्या व्हीलॅनसाठी रकानाच नव्हता. म्हणून ते काम मागच्या स्विचकडे दिलं. राउटरकडून बिनटॅगची फ्रेम येईल, स्विच तिला ८०० मध्ये घेईल, केबलवर टॅगसह पाठवेल, पुढचा स्विच ओएनटीला टॅगसहच देईल. परतीच्या वाटेवर टॅग मागच्या स्विचच्या पोर्ट १ वर निघेल. हे मी मास्तरांच्या जुन्या वहीच्या पानावर काढलं आणि प्रत्येक पोर्टपुढे दोन प्रश्न लिहिले: बाहेर पडताना टॅग हवा की नको, आणि बिनटॅगचं काही आत आलं तर ते कुठे जाईल. सूनबाईंनी प्रत्येक ओळ वाचून विचारलं, ‘‘हे दोन्ही टोकांना जुळतं का?’’ केबलच्या दोन टोकांचं एकमत नसेल तर ती जोडणी चालत नाही, आणि त्यांचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवत होता.

घरच्या नेटवर्कला वेगळा क्रमांक द्यावा की १ वरच ठेवावं, यावर थोडा विचार केला. १ वर ठेवलं. स्विचची स्वतःची पानं कारखान्यातून १ वरच उघडतात, आणि घरात नेटवर्कचं रोज बघणारं कुणी नाही. पण त्यासाठी ओएनटीचं पोर्ट आणि राउटरच्या वॅनचं पोर्ट, ही दोन्ही व्हीलॅन १ मधून काढून टाकणं अटळ होतं. नव्या व्हीलॅनमध्ये पोर्ट घातलं की जुन्यातून आपोआप निघत नाही. ते राहिलं तर घरचं नेटवर्क कंपनीच्या तारेला उघडं पडतं.

प्रत्यक्ष काम

दोन्ही स्विचचा कारखान्यातला पत्ता एकच होता. दोन्ही एकाच वेळी जोडलेले असले की आपण नेमका कोणता बदलतो आहोत ते कळत नाही. म्हणून एकेक स्विच वेगळा लॅपटॉपला लावला, आधी पत्ता बदलला, पासवर्ड बदलला, मग व्हीलॅन. पासवर्डचं महत्त्व इथे नेहमीपेक्षा जास्त: काही स्वस्त स्विच आपलं सेटिंगचं पान कोणत्याही व्हीलॅनवरून उघडू देतात, आणि यातल्या एका व्हीलॅनच्या टोकाला बाहेरचं जग आहे.

पुढचा स्विच: पोर्ट १ वर ८०० टॅग्ड, १ मधून बाहेर. पोर्ट ८ वर ८०० टॅग्ड आणि १ अनटॅग्ड. बाकी पोर्ट आहेत तशी, घरची. मागचा स्विच: पोर्ट ८ तसंच. पोर्ट १ वर ८०० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ८००, १ मधून बाहेर. राउटरचं घरच्या बाजूचं पोर्ट मागच्या स्विचच्या पोर्ट २ ला. लॅपटॉप शेवटपर्यंत पोर्ट ७ मध्ये ठेवला आणि त्या पोर्टला हात लावला नाही. ज्या पोर्टवर आपण बसलो आहोत त्याचाच पीव्हीआयडी बदलला तर स्विच हाताबाहेर जातो आणि रिसेट करून पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

राउटर पहिल्याच डायलला जोडला गेला. एमटीयू १४९२ ठेवला, एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या माहितीची कमाल लांबी, त्यानुसार आपोआप बसवण्याचा पर्याय चालू केला. तपासायला तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट, पाठवला, तो गेला. १४६५ चा अडला. १४९२ मधून पॅकेटच्या आयपी आणि आयसीएमपी या दोन शीर्षकांचे मिळून २८ वजा केले की १४६४ येतात, म्हणजे हिशेब जुळला.

मग गळतीची परीक्षा. पुढच्या स्विचमधून ओएनटीची केबल काढून तिथे लॅपटॉप लावला. घरच्या राउटरकडून पत्ता मिळता कामा नये, आणि मिळाला नाही. ही परीक्षा कुणी फारशी करत नाही. इंटरनेट चालू झालं की काम झालं असं धरून चालतात. व्हीलॅन बरोबर असल्याची खूण इंटरनेट चालण्यात नाही, जिथे काहीच पोचू नये तिथे काही पोचत नाही यात आहे.

रात्री वीज गेली

पहाटे जोराचा पाऊस झाला आणि बराच वेळ वीज नव्हती. सकाळी सुनेची पुण्याशी मीटिंग, आणि इंटरनेट बंद. मास्तरांचा फोन आला, तोही लँडलाइनवरून. सोप्यातल्या टीव्हीला घरचं नेटवर्क मिळत होतं, मागचा राउटर मात्र पुन्हा ‘प्रतिसाद नाही’ म्हणत होता.

फोन चालतो म्हणजे फायबर आणि ओएनटी ठीक. टीव्ही घरच्या नेटवर्कवर आहे म्हणजे मधली केबल ठीक. राहिला प्रश्न फक्त ८०० चा. मागचा स्विच इन्व्हर्टरवर असल्याने रात्रभर चालू होता. बंद होऊन सुरू झाला तो एकटा पुढचा. भाच्याला फोनवर त्याचं पान उघडायला सांगितलं, तर पोर्ट १ पुन्हा ‘अनटॅग्ड’. या जातीच्या स्विचवर ‘अप्लाय’ केल्याने बदल लागू होतो, पण टिकत नाही. टिकवण्यासाठी दुसऱ्या पानावर ‘सेव्ह’ करावं लागतं. पुढच्या स्विचवर ते राहिलं होतं.

त्या क्षणी दोन मार्ग होते. मीटिंग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उरकून नंतर निवांत बघायचं, की तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. सूनबाईंनी हॉटस्पॉट निवडला, आणि मला तो निर्णय फार योग्य वाटला. घाईत फोनवरून चुकीच्या पोर्टचा पीव्हीआयडी बदलला असता तर घरचं नेटवर्कही गेलं असतं. मीटिंग संपल्यावर भाच्याने वहीतलं पान समोर धरून पोर्ट दुरुस्त केलं, सेव्ह केलं, आणि माझ्या सांगण्यावरून प्लग काढून पुन्हा लावला. सेटिंग टिकलं.

निकाल

व्हीपीएनवर मोठ्या फाइल आता अडत नाहीत. सोप्यातला टीव्ही आणि ॲक्सेस पॉइंट घरच्याच नेटवर्कवर आहेत, आणि वीज नव्हती तेवढा वेळ सोडला तर लँडलाइन एकदाही बंद पडली नाही. दोन्ही स्विचच्या सेटिंगच्या फाइली सुनेच्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर आहेत. दोन्ही स्विचच्या पोर्ट १ वर लाल पट्टी चिकटवली, म्हणजे पाहुण्याने किंवा टीव्हीवाल्याने तिथली केबल काढून दुसरं काही लावू नये. ओएनटी आणि पुढच्या स्विचसाठी छोटा डीसी यूपीएस घेतला. घेताना दोन्ही अडॉप्टरवरचं व्होल्टेज वाचायला सांगितलं होतं, आणि ते वेगळं निघालं: ओएनटीला १२ व्होल्ट, स्विचला त्याहून कमी. दोन वेगळ्या व्होल्टेजची टोकं असलेला यूपीएस घ्यावा लागला. १२ चं टोक स्विचमध्ये खुपसलं असतं तर तो जळू शकला असता.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात कंपनीच्या माणसापासून करायला हवी. तो घरात उभा असतानाच विचारायचं: ब्रिज केल्यावर तुमच्या पोर्टमधून फ्रेम टॅगसह येणार की टॅगशिवाय? त्याला उत्तर ठाऊक असतं, विचारणारा कुणी नसतो.

सेटिंग झाल्याबरोबर दोन्ही स्विचचे प्लग काढून लावून पाहायचे, वीज जाण्याची वाट न बघता. गोव्याच्या पावसाळ्यात ही परीक्षा वीज खातं घेणारच, ती आपण दिवसाउजेडी घेतलेली बरी.

घरचं नेटवर्क १ वर ठेवण्याबद्दल माझं मत आता डळमळलं आहे. कुणी पुढचा स्विच रिसेट केला तर ओएनटीचं पोर्ट आणि घरचं नेटवर्क एकाच व्हीलॅनमध्ये येतात. या घरात ओएनटीपाशी बिनटॅगच्या फ्रेमला पुढे वाट नाही, म्हणून धोका तिथेच थांबतो. जिथे कंपनी टॅगशिवाय सेवा देते तिथे हे संरक्षण नसतं. तिथे मी घरालाही वेगळा क्रमांक देईन आणि रिकामी पोर्टं कुठेच न जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये टाकेन. रिसेट झाल्यावर सगळं बंद पडलेलं परवडतं, उघडं पडलेलं नाही.

दिवाळीनंतर कौलं परतताना त्याच वाटेने मोठा पाइप आणि दुसरी केबल टाकायचं ठरलं आहे. मग ओएनटीपासून राउटरपर्यंत स्वतंत्र तार जाईल. तरी मागचा स्विच राहील, कारण ८०० चा टॅग लावणारं कुणीतरी लागेलच; तो राउटरला जमत नाही. तोपर्यंत कंपनीने ओएनटी बदलला आणि नवा टॅग काढून देणारा निघाला, तर काय करायचं तेही वहीच्या पानावर खाली लिहून ठेवलं आहे: पुढच्या स्विचचं पोर्ट १, ८०० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ८००, आणि मग सेव्ह.